काचेवरचा टवका

हृषीकेश, रागावू नकोस. मघाशी तू खाली गल्लीत गाडीत बसला होतास. काचा वर, इंजिन चालू, हीटर लावलेला, कानाला फोन. मी जिना उतरून आलो आणि तुझी काच वाजवली. तू आधी दचकलास, मग वैतागलास. "काका, माणसाला दोन मिनिटं बोलूही देत नाही तुम्ही," म्हणालास. म्हण बापडा. पण आता इकडे सिगडीजवळ सरक आणि ऐक. प्राची, तूही ये, आणि ती शाल नीट गुंडाळून घे. इंदुरातल्या स्नेहलतागंजच्या या गच्चीवर जानेवारीतला वारा कसा झोंबतो ते तुम्हा पुण्याकडच्यांना अजून कळलेलं नाही.

मी काचा का वाजवत फिरतो, त्याची ही गोष्ट. माझ्या ओळखीतल्या एका माणसावर गुजरलेली आहे, आणि त्यानेच मला सांगितली, तीही एकदाच. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी सांगून मोकळा होणार.

परदेशीपुऱ्यात बंद मिलच्या भिंतीला लागून ज्ञानदीपचं गॅरेज आहे. ज्ञानदीप मूळचा महूचा. वडील नथूजी फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपला होते. घर बौद्ध, वळण फौजी, त्यामुळे भूतखेत आणि नजर-बिजर यांना त्या घरात कधी थारा मिळाला नाही. कुणी गाडी दुरुस्तीला आणली की तिच्या बंपरला लटकलेली लिंबू-मिरची हा सोडवून बाजूला ठेवायचा आणि गाडी परत देताना मालकाच्या हातात द्यायचा. "आपका सामान," एवढंच म्हणायचा. लोक ओशाळायचे. याला त्यात भारी मजा वाटायची.

पन्नाशी उलटलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पंचशीला लग्न होऊन नागपूरला गेली होती. गॅरेजच्या मागच्या खोलीत हा एकटा राहायचा. एकटा म्हणजे, तसा एक सोबती होता. पंढरीनाथ. स्वतःची दहा सीटांची डिझेल व्हॅन चालवायचा, लग्नाची वऱ्हाडं न्यायचा, यात्रा न्यायचा. इंदुरात असला की संध्याकाळी ज्ञानदीपच्या गॅरेजात हजर. उजव्या हातात चांदीची जाड चौकोनी अंगठी होती, तिच्या कोपऱ्याने शटर वाजवायचा. एकदा टक. मग जरा थांबून, टक टक. शटर सताड उघडं असलं तरी वाजवायचाच. मग जुन्या टायरवर बसायचा, खिशातून शेवेची पुडी काढायचा, आणि दोघं चहा पीत बसायचे. बोलणं फारसं नसायचं. पण दिवसभरात ज्ञानदीपशी गाडीखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलणारा तो एकच माणूस होता.

तर त्या दिवशी गुरुवार होता. गेल्या वर्षीचा सोळा जानेवारी. दुसऱ्या दिवशी तीळ चतुर्थी, म्हणजे खजरान्याच्या गणपतीची जत्रा, त्यामुळे संध्याकाळपासूनच सगळी गर्दी त्या बाजूला वळली होती. ज्ञानदीप स्कूटरवरून उलट दिशेने, घराकडे येत होता. बाजारातून एक सेन्सर आणायला गेला होता. बोटाएवढी धातूची दांडी, तिला मागे वायर, वायरीच्या टोकाला प्लग. डबी त्याने स्वेटरच्या आत ठेवली होती.

सेन्सर पंढरीनाथच्या व्हॅनचा होता. आणि पंढरीनाथला जाऊन महिना झाला होता.

ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

डिसेंबरात एका रात्री पंढरीनाथचा फोन आला होता. वऱ्हाड सोडून रिकामी व्हॅन घेऊन तो परत निघाला होता. महूच्या पुढे मानपूरचा घाट आहे ना, त्याच्या पायथ्याशी.

"ज्ञानू, पिवळा दिवा लागलाय यार. गाडी उठतच नाहीये, चढाला दमच धरत नाहीये. ढाब्यासमोर लावून ठेवलीय."

ज्ञानदीप गोधडीत शिरला होता. तो म्हणाला, "धुराच्या पाइपातला टेम्परेचर सेन्सर असेल. या गाड्यांचे सेन्सर झूट बोलतात, भिया. काही होत नाही."

"तू येतो का?"

"आत्ता? बाहेर ठंड बघ कशी आहे. गाडी चालूच राहू दे, हीटर लाव, काचा वर कर अन् झोपून जा. सकाळी येतो मी."

पंढरीनाथने काच वर केली, तो आवाज फोनवर ऐकू आला. मग म्हणाला, "बरं. ये मग."

सकाळी ज्ञानदीप गेला. उजाडायच्या आत निघाला, तसा दिलेल्या शब्दाला पक्का माणूस. व्हॅन ढाब्यासमोर उभी होती, डिझेल संपून बंद पडलेली. पंढरीनाथ स्टेअरिंगमागे होता, मान एका बाजूला, अगदी झोपल्यासारखा. ढाबेवाला हळहळला. म्हणाला, "गाडी तो रात भर चालू थी, भिया. हमने सोचा सो रहे हैं. किसी ने कांच नहीं खटखटाया."

डॉक्टर म्हणाले, हार्ट. साठी ओलांडलेली, साखर होती, बीपी होतं. कुणी जास्त खोलात गेलं नाही. शेवटचा फोन कुणाला होता ते मनोरमावहिनींनी, म्हणजे पंढरीनाथच्या बायकोने, मोबाइलात पाहिलं असेलच. त्यांनी विचारलं नाही. ज्ञानदीपनेही सांगितलं नाही. महिनाभर त्याच्या शटरवर कुणाची टकटक झाली नाही, आणि महिनाभर संध्याकाळी तो हातातलं काम ठेवून उगीच शटरकडे बघत राहायचा.

आता मनोरमावहिनी इंदूर सोडून निघाल्या होत्या. मुलगी मंजिरी आणि जावई जयेश जळगावला असतात. ते दोघं तान्ह्या बाळाला घेऊन वहिनींना न्यायला आले होते. शुक्रवारी पहाटे निघायचं, खजरान्याला दर्शन घ्यायचं आणि तसंच जळगावला. जायचं त्याच व्हॅनमधून. महिनाभर ती वहिनींच्या अंगणात उभी होती, बॅटरी बसलेली. जयेशने संध्याकाळी ती दोरीने ओढून आणून गॅरेजात लावली.

"भिया, सेन्सर बदलला की काम होऊन जाईल ना?" जयेशने विचारलं. "छोटं बाळ आहे. रस्त्यात बंद पडली तर मुश्किल. थंडीचं काचापण उघडता येत नाही."

"सकाळी तयार मिळेल," ज्ञानदीप म्हणाला.

मग नेहमीच्या रिवाजाप्रमाणे त्याने मोबाइलवर व्हॅनचे चारही बाजूंनी फोटो काढले. गाडी ताब्यात घेताना तो नेहमी काढतो. नंतर कुणी म्हणायला नको, हा ओरखडा तुझ्याकडे पडला. काचा, दारं, बंपर, सगळं. जयेश गेला. ज्ञानदीपने बॅटरी चार्जिंगला लावली, शटर खाली ओढलं आणि भाकरी खाल्ली.

या गाडीच्या बाबतीत आपण एकदा न बघता बोललो, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. आता उद्या याच गाडीत पंढरीचं सगळं घर बसणार होतं. या वेळी चूक नको, एवढंच त्याला वाटत होतं.

आता हा सेन्सर खरा की खोटा ते कसं ओळखतात, ते सांगतो. तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हाला पटेल. गाडीत बरेच थर्मामीटर असतात असं समजा. एक इंजिनच्या पाण्यात, एक आत येणाऱ्या हवेत, आणि नव्या डिझेल गाड्यांत एक धुराच्या पाइपात. गाडी थंड पडली की सगळ्यांचं उत्तर एकच यायला पाहिजे. बाहेर जेवढी थंडी, तेवढंच. इंजिन सुरू करायचं नाही. नुसती चावी फिरवायची, स्कॅनर जोडायचा आणि एकेकाला विचारायचं. ज्याचं उत्तर वेगळं, तो खोटा. आणि ही व्हॅन तर महिनाभर थंड होती. याहून चांगली परीक्षा कुठली?

रात्री उशिरा बॅटरी भरली. ज्ञानदीपने चावी फिरवली, स्कॅनर जोडला, स्टुलावर बसला.

पाणी, अकरा डिग्री. हवा, अकरा डिग्री.

धुराचा पाइप, एकशे चाळीस.

"बघ," तो स्वतःशीच म्हणाला. "झूटा." त्याला बरं वाटलं. फोनवर आपण बोललो ते खरंच होतं तर. महिन्याभरात पहिल्यांदा त्याची छाती जरा हलकी झाली.

तो व्हॅनखाली सरकला. पाइपाला हात लावला. बर्फासारखा गार. जुना सेन्सर पान्याने सोडवला, नवा बसवला, प्लग लावला. फडक्याला हात पुसत स्कॅनरपाशी आला.

एकशे चाळीस.

बरं, असतं असं. सेन्सर चांगला आणि वायर खराब. तो विजेरी घेऊन पुन्हा खाली गेला, वायर बोटाबोटाने तपासली. कुठे सोललेली नाही, कुठे उंदराने कुरतडलेली नाही. परत येऊन बसला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आकडा हलतोय. एकशे चाळीस... एकशे बेचाळीस... एकशे एकोणचाळीस. बिघडलेला सेन्सर एकच आकडा धरून बसतो, किंवा वेड्यासारखा उड्या मारतो. हा तसा नव्हता. हा हळूहळू वर-खाली होत होता. गाडी जागेवर उभी ठेवून नुसतं इंजिन चालू ठेवलं, की पाइप असाच तापतो.

ज्ञानदीप उठला आणि त्याने सेन्सरचा प्लगच काढून टाकला. आता वायर कशालाच जोडलेली नव्हती. आता स्कॅनरवर काहीतरी अर्थहीन आकडा यायला हवा होता.

एकशे एकेचाळीस.

गॅरेजात शांतता होती. मिलच्या बाजूला एक कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं. इंजिन बंद. पंखा बंद. त्याने बॉनेटवर तळहात ठेवला. गार. मग वाकून, पाइपाला...

हात झटकन मागे आला. बोटांची कातडी भाजली होती.

तो तसाच वाकून राहिला. मघाशी याच पाइपाला हात लावला होता. याच हाताने.

त्याने वर पाहिलं. व्हॅनच्या काचा आतून धुक्याने भरल्या होत्या. सगळ्या. मघाशी स्वच्छ होत्या. थंडीत माणूस काचा लावून आत बसला, की श्वासाने जशा होतात, तशा.

आत कुणी नव्हतं.

पोरांनो, तुम्ही म्हणाल पळून का नाही गेला. मीही त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, "भीती वाटली ना, सुधाकरजी. पण तो आकडा कुठला आहे ते मला कळलं होतं. गाडी उभी, इंजिन चालू, हीटर लावलेला, काचा वर. मीच सांगितलं होतं त्याला तसं करायला."

त्याने डावीकडचं दार उघडलं. ड्रायव्हरच्या शेजारची सीट. आतून ऊब आली. इंजिन बंद असताना ऊब. सीटच्या खाचेत शेवेची एक जुनी पुडी अडकली होती, तिचा वास आला. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. तिच्याकडे त्याला नीट बघवेना.

तो आत बसला. दार ओढून घेतलं.

"आलो रे पंढरी," तो म्हणाला. "उशीर झाला."

कुणी काही बोललं नाही. तसं ते दोघं कधी फार बोलायचेच नाहीत. ज्ञानदीपला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. त्या रात्री स्कूटर काढून निघाला असता तर तासा-दीड तासात पोचला असता. आला नाही, कारण गोधडी ऊब धरत होती. बस, एवढंच कारण. ते त्याने त्या रिकाम्या सीटला सांगितलं. सगळं सांगितलं. रोज संध्याकाळी शटरकडे बघत बसतो तेही सांगितलं. समोर स्कॅनरचा पडदा काचेपलीकडे अंधुक उजळत होता. एकशे चाळीस. एकशे चाळीस.

मग त्याला बरं वाटायला लागलं. हातपाय ऊबदार झाले. डोकं जड झालं. डोळे मिटायला लागले. असू दे, त्याला वाटलं, सकाळपर्यंत इथेच बसू, सोबत होईल...

सोबत होईल...

टक.

त्याने डोळे उघडले नाहीत.

टक टक.

त्याच्या कानाशी. डाव्या काचेवर. बाहेरून.

त्याला वाटलं, शटर वाजतंय. संध्याकाळ झाली. पंढरी आला. उठलं पाहिजे, चहा ठेवला पाहिजे. पण पाय उचलेनात. मान उचलेना. असू दे...

टक.

टक टक.

आता जोराने. रागाने म्हणा. काच थरथरली.

त्याने डोळे उघडले. काचेवर धुकं. धुक्यापलीकडे काही दिसेना. बोलायला गेला, तोंडातून शब्द फुटेना. जीभ जाड झाली होती.

टक!

त्याने सगळा जीव हातात आणून दाराची कडी ओढली. आणि खाली पडला. फरशीवर. खांद्यावर. बाहेर कुणी नव्हतं. शटर बंद. आतून कुलूप. दिवा जळत होता.

तो रांगत गेला. कुलपाशी झटला. शटर हातभर वर ढकललं आणि तोंड त्या फटीतून बाहेर काढलं. जानेवारीची हवा छातीत गेली. तो ओकला. पुन्हा ओकला. डोकं असं ठणकत होतं, की तो फरशीला कपाळ लावून पडून राहिला.

पडल्या पडल्या त्याला कळलं.

हे डोकं ठणकणं तो ओळखत होता. नवशिका असताना एकदा बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून काम करत बसला होता, तेव्हा वडिलांनी कान धरून बाहेर काढलं होतं. ही धुराची गुंगी होती. व्हॅनच्या आत धूर भरत होता. इंजिन बंद असताना कसा भरत होता ते सोडा. पण ज्या वाटेने भरत होता, ती वाट तर खरी असणार.

त्याने शटर पूर्ण उघडलं. विजेरी घेतली आणि व्हॅनखाली गेला. पाइपाच्या वर एक पत्रा असतो, गाडीच्या पोटाला धग लागू नये म्हणून. बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं आणि पत्रा काढायला वेळ जातो, म्हणून कुणी तो काढत नाही. त्याने काढला.

पाइप चिरला होता. सेन्सरच्या अलीकडे, बोटभर. चिरेपासून काळी काजळी वर चढत गेली होती, थेट गाडीच्या तळापर्यंत. तळाला एक भोक होतं, त्याचं रबरी बूच गळून पडलं होतं. भोक बरोबर ड्रायव्हरच्या सीटखाली.

सेन्सर कधीच खोटं बोलला नव्हता. पाइपातली अर्धी धग चिरेतून बाहेर जात होती आणि सेन्सरपर्यंत कमी पोचत होती. तो तेच सांगत होता. काहीतरी चुकतंय, बघा. पिवळा दिवा लावून सांगत होता. आणि सेन्सर बोलला की सेन्सरच खोटा म्हणायचं, ही मेकॅनिकांची जुनी खोड. हार्ट नव्हतं, पोरांनो. काचा वर होत्या, इंजिन चालू होतं, आणि रस्त्याने येणारे-जाणारे म्हणत होते, झोपला असेल.

ज्ञानदीप गाडीखालून बाहेर आला, तेव्हा स्कॅनर तसाच चालू होता. त्याने पाहिलं. पाणी, अकरा. हवा, अकरा. धुराच्या पाइपासमोर नुसता एक अर्थहीन आकडा, प्लग काढल्यावर यायला हवा तसाच. त्याने नवा सेन्सर काढला, जुना उचलला, पुसला, जागेवर बसवला, प्लग लावला.

अकरा.

त्याने उरलेली रात्र काम केलं. पाइपाची चीर वेल्डिंगने भरली, भोकाला नवं बूच ठोकलं, शटर सताड उघडं ठेवून इंजिन सुरू केलं, जोडाजोडावर साबणाचं पाणी टाकून बघितलं. एक बुडबुडा येईना. पिवळा दिवा विझला. उजाडताना तो पाठ टेकून टायरवर बसला होता. पंढरीच्या टायरवर.

सकाळी मनोरमावहिनी आल्या, मंजिरी आली, कडेवर बाळ, मागून जयेश सामान घेऊन. ज्ञानदीपने त्यांना चहा दिला. मग वहिनींसमोर उभा राहून सगळं सांगितलं. फोन सांगितला. गोधडी सांगितली. चिरलेला पाइप सांगितला. रात्रीचंही सांगितलं, आतलं बसणं आणि बाहेरचं वाजणं. हातातला पाना खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

वहिनी ऐकत राहिल्या. मंजिरीने बाळाला छातीशी घट्ट धरलं. आज याच गाडीत, काचा वर करून, ती जळगावपर्यंत जाणार होती.

"तुम्ही त्या रात्री गेला असता तर..." वहिनी म्हणाल्या. आणि थांबल्या. ज्ञानदीपने मान वर केली नाही.

तेवढ्यात जयेश व्हॅनच्या डाव्या बाजूने म्हणाला, "भिया, हे काचेला काय झालं?"

डाव्या काचेवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, एक टवका उडालेला होता. तांदळाच्या दाण्याएवढा, चौकोनी कोपऱ्याचा. ज्ञानदीपने मोबाइल काढला. आदल्या संध्याकाळचा फोटो मोठा करून पाहिला. काच स्वच्छ होती.

वहिनींनी कमरेचा बटवा सोडला. त्यात पंढरीनाथची अंगठी होती. रात्रभर त्यांच्या उशाखाली होती, त्या ती तिथेच ठेवून झोपायच्या. त्यांनी अंगठीचा कोपरा त्या टवक्यावर टेकवला. तो बरोबर बसला.

"आतून की बाहेरून?" त्यांनी विचारलं.

त्या काय विचारत होत्या ते ज्ञानदीपला कळलं. त्या रात्री घाटाखाली आत बसून तो वाजवत राहिला का, आणि कुणालाच ऐकू गेलं नाही का. ज्ञानदीपने आतल्या बाजूने काचेवर नख फिरवलं. गुळगुळीत. मग बाहेरून फिरवलं. नख अडलं.

"बाहेरून, वहिनी."

मनोरमावहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मग बाळाला मंजिरीकडून घेतलं आणि त्याच काचेशेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. निघताना काच खाली करून एवढंच म्हणाल्या, "येत जा जळगावला. एकटे नका बसू."

तेव्हापासून ज्ञानदीप रस्त्यात उभ्या गाडीचं इंजिन चालू दिसलं आणि आत कुणी झोपलेलं दिसलं, की काच वाजवतो. लोक शिव्या घालतात. तो ऐकून घेतो. त्याचं बघून मीही वाजवायला लागलो, हृषीकेश, म्हणून मघाशी तुझी वाजवली.

दिवाळीला ती व्हॅन इंदूरला आली होती, तेव्हा मी स्वतः त्या टवक्यावर बोट फिरवून आलो. जयेशला ती काच बदलायची होती, सासूबाई बदलू देत नाहीत. पण ज्ञानदीपला कोडं वेगळंच आहे. गाडीच्या बाजूच्या काचेला टवका पडत नाही, पोरांनो. समोरच्या काचेला पडतो. बाजूची काच तशी बनवलेलीच नसते. तिला नखाएवढी इजा झाली, तरी त्याच क्षणी तिचा सगळा भुगा होऊन खाली पडतो. ही काच जळगावचा उन्हाळा काढून आली, दारं आपटून घेतली, आणि तो टवका घेऊन अजून जागच्या जागी उभी आहे.